खोडलेलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर एक काळा सर्व्हर आहे. त्याच्या खोलीला एसी आहे, दाराला काच आहे आणि काचेवर ‘चपला बाहेर काढाव्यात’ असा कागद चिकटवलेला आहे. पाहुणे आले की त्यांना आधी तिथे नेतात, मग चहा देतात. त्या दारावरून जाताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. स्टाफरूममधल्या मैत्रिणी म्हणतात, सोड आता, झालं ते झालं. मला सोडता येत नाही. एका लोखंडी पेटीवर इतका राग धरणं वेडेपणाचं आहे हे मला कळतं, पण माझा राग पेटीपाशी थांबत नाही. पेटी आणणाऱ्यांवर आहे आणि त्यांच्या रांगेत मीही उभी आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते. तेव्हा पीएच.डी.साठी माझ्याकडे एकच विद्यार्थिनी होती, येवल्याची. घरी हातमाग, आईवडील दोघंही पैठणी विणणारे. ही नाशकात होस्टेलवर राहायची. तिचा विषय द्राक्षावर पडणाऱ्या डाऊनी या रोगाचा होता. डाऊनी आली की बागायतदार औषध मारतात. त्या औषधाचा रेणू रोगाच्या प्रथिनात नेमका कुठे जाऊन बसतो, किती घट्ट बसतो आणि कधी निसटतो, हे तिला संगणकावर बघायचं होतं. तिच्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. पुढच्या डिसेंबरअखेर थिसिस गेला नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात.

हे काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे माझा राग उगाच नाही हे लक्षात येईल. प्रथिन, औषधाचा रेणू आणि भोवतीचं पाणी मिळून लाखभर अणू होतात. प्रत्येक अणू शेजाऱ्याला ओढतो नाहीतर ढकलतो. ती सगळी ओढाताण मोजायची, प्रत्येक अणूला केसाच्या कोट्यंशाइतकं हलवायचं आणि पुन्हा सगळं मोजायचं. असं कोट्यवधी वेळा केल्यावर पडद्यावर रेणूची जरा हालचाल दिसते. गणित एकेकटं साधंच असतं, पण एकाच वेळी हजारो ठिकाणी करायचं असतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर तिने एक प्रयोग लावला तेव्हा अंदाज आला की तो संपायला पाच महिने लागतील. तिला असे बारा प्रयोग करायचे होते.

नेमकं त्या वर्षी कॉलेजला संशोधनासाठी अनुदान मंजूर झालं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, “मॅडम, तुम्हाला काय मशीन हवंय ते लिहून द्या.” मी हरखून गेले. लिहून द्यायचं तर नीट शोधून लिहावं म्हणून आम्ही दोघी कामाला लागलो.

इंदिरानगरात माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एक गेमिंग पार्लर आहे. देवळाली कॅम्पातून तोफखान्यातले एक सुभेदार निवृत्त झाले, त्यांनी ते काढलेलं. गाव निफाडकडचं, मिशा भरघोस, आणि गेमिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही असं वाटावं असा चेहरा. पण मशीन त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी पाहिला नाही. एका रविवारी सकाळी पार्लर उघडायच्या आधी आम्ही पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे गेलो. काय करायचंय ते सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “पडद्यावर चित्र काढायचं नाय ना? मग कार्डाला नुसतं गणित करायला लावायचं. लावा की.”

त्यांच्याकडे तीन प्रकारची ग्राफिक्स कार्डं होती, खेळातल्या चित्राच्या लाखो ठिपक्यांचं गणित एकाच वेळी करणारी. आम्ही तोच प्रयोग तिन्हींवर अर्धा अर्धा तास चालवला. माझ्या विद्यार्थिनीने आलेखाच्या वहीत तक्ता केला. दिवसाला काम किती होईल, किंमत किती, आणि एका रुपयात काम किती पडतं. सगळ्यात महागड्या कार्डाची किंमत मधल्याच्या दुपटीहून जास्त, आणि काम जेमतेम सव्वापट. सगळ्यात स्वस्त कार्ड मध्येच धापा टाकायला लागलं. मधल्या कार्डावर पाच महिन्यांचा प्रयोग पाच-सहा दिवसांत उरकत होता. मुलीने तो आकडा दोनदा तपासला आणि मग पार्लरच्या फिरत्या खुर्चीत बसून एक गिरकी घेतली. पाच वर्षांत मी तिला असं करताना पहिल्यांदा पाहिलं.

महिनाभर आम्ही त्या तक्त्यावर बसलो. आमच्या कामाला प्रोसेसर मध्यम चालतो, पण तो वेगाचा हवा. मेमरीचा ढीग लागत नाही. कारखान्यात नकाशे काढायला वापरतात तसलं चौपट किमतीचं कार्ड लागत नाही, कारण त्याची जी खासियत ती आमच्या गणितात वापरलीच जात नाही. वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायला आणि पंख्यांना घालायचे, कारण मशीन आठवडेच्या आठवडे बंद होणार नाही. सुभेदारांनी तर हाताने पंख्यांची दिशा काढून दिली. मंजूर रकमेत अशी तीन मशीनं बसत होती. मी दोन पानांची मागणी लिहिली, प्रत्येक वस्तूपुढे ती का हवी आणि महागातली का नको ते लिहिलं, आणि तक्ता जोडून ऑफिसात दिली. आयुष्यात इतका स्वच्छ कागद मी दुसरा लिहिलेला नाही.

तो कागद कपाटात पडून राहिला आणि खरेदी समितीची बैठक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लागली. आमच्याकडे खरेदी मार्चमध्येच होते. वर्षभर कोणाला घाई नसते, आणि मग एकदम सगळ्यांना आठवतं की एकतीस तारखेला पैसे परत जातात. टेबलावर समोसे होते. प्राचार्य, संगणक विभागाचे प्रमुख आणि हिशेब बघणारे हेडक्लार्क असे तिघं बसलेले. माझ्या मागणीवर लाल पेनाने रेघा मारलेल्या दिसल्या.

“मॅडम, यात गेमिंग मशीन लिहिलंय,” हेडक्लार्क म्हणाले.

“प्रकार तसा आहे. काम गणिताचं आहे.”

“ते तुम्हाला ठाऊक. उद्या ऑडिटवाल्याने विचारलं, कॉलेजने पोरांच्या खेळाचं मशीन घेतलं, तेही एक नाही, तीन, तर मी काय सांगू?”

मी तक्ता काढला. तो कोणी बघितला नाही. विभागप्रमुखांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं की संशोधनाला सर्व्हर लागतो. दोन मोठे प्रोसेसर, भरपूर मेमरी, नामांकित कंपनी. त्यांनी नवी यादी आधीच टाइप करून आणली होती आणि तिच्यावर तीन दरपत्रकंही मागवून झाली होती. मी यादी वाचली. ग्राफिक्स कार्ड कुठेच नव्हतं.

“सर, यात कार्ड नाही.”

“सर्व्हरला ग्राफिक्स कशाला, मॅडम? त्यावर कोण सिनेमा बघणार आहे?”

सगळे हसले. जी एक वस्तू काम करणार होती तीच त्यांनी खोडली होती आणि बाकीच्या सगळ्याला सोन्याचा मुलामा दिला होता. मी आवाज चढवला. हे मशीन आमच्या कामाला मंद पडेल, इतक्या पैशात हे घेणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं आहे, मुलीची मुदत संपतेय, असं सगळं बोलले. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. “मॅडम, आज घेतलं तर हे मिळेल. नाही घेतलं तर काहीच नाही. तुमच्या गरजेप्रमाणे आहे एवढी सही करा.”

मी सही केली. काहीच नसण्यापेक्षा बरं, असा विचार केला. त्यांच्या नव्या यादीखाली, ‘गरजेनुसार तपासले’ या शब्दांशेजारी माझं नाव आणि तारीख. बाहेर येऊन मी जिन्यात उभी राहिले आणि मला माझीच किळस आली. भांडणात मी कुणालाच हार जात नाही असं सगळं कॉलेज मानतं, आणि चार समोशांच्या टेबलावर मी गप्प झाले होते.

सर्व्हर जूनमध्ये आला. पूजा झाली. नारळ, हार, आणि पुढच्या जाळीवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. ती जाळी हवा आत घ्यायची असते, म्हणून मी आधीच सांगितलं होतं की कुंकू खोक्याला लावा. “मॅडम, खोक्याची पूजा करतात का?” असं उत्तर मिळालं. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी मुलीने त्याच्यावर आपला प्रयोग लावला. पार्लरातलं कार्ड जे काम एका दिवसात करायचं त्याला या मशीनला आठवडा लागत होता. तेही एसी चालू असेल तर. तिने मला आकडा दाखवला आणि वही मिटली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

निदान एक कार्ड आता बसवू या म्हणून मी आतली जागा बघायला गेले. पेटी इतकी चपटी की कार्ड आत मावणारच नाही. मावलं असतं तरी त्याला लागणारी वीज द्यायला तिच्यात तारा नाहीत. आणि झाकणावर कंपनीचं सील. उघडलं की वॉरंटी गेली. विभागप्रमुखांनी सीलकडे बोट दाखवून मला बजावलं की हात लावायचा नाही. मी म्हणाले, “सर, मग याचं करायचं काय?” ते म्हणाले, “वेबसाइट ठेवू कॉलेजची.” मला हसूही आलं नाही.

मी सुभेदारांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं आणि एक मशीन भाड्याने मागितलं. त्यांनी कान खाजवला. “मॅडम, गिऱ्हाईक अकराच्या पुढं येतंय. रात्री बंद केल्यापासून सकाळी अकरापर्यंत मागचं मशीन तुमचं. लाइटीचं काय होईल ते द्या.” प्रोग्राम दर थोड्या वेळाने आपली जागा लिहून ठेवतो आणि थांबवला तर तिथूनच पुढे सुरू होतो. मुलीने त्यांना कसं थांबवायचं आणि कसं चालू करायचं ते एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं. तो पुठ्ठा त्यांनी गणपतीच्या तसबिरीखाली लावला. रोज सकाळी अकराला ते मशीन थांबवून तिला फोन करायचे आणि काम कुठवर आलं तो आकडा वाचून दाखवायचे, मोठ्याने, बंदुका मोजून घेतल्यासारखे.

जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत हे चाललं. दर आठवड्याला ते ब्लोअरने कार्डाची धूळ उडवायचे. दिवाळीत पोरांना सुट्टी, पार्लर तुडुंब, तरी त्यांनी मागचं मशीन दिवसाही गिऱ्हाइकाला दिलं नाही. “त्याच्यावर सरकारी काम चाललंय,” असं पोरांना सांगायचे. मधल्या काळात कॉलेजातला सर्व्हर काचेमागे निळा दिवा लावून बसला होता, आणि त्याच्या एसीचं बिल कॉलेज भरत होतं. मी दर सोमवारी मुद्दाम त्या दारावरून जायची. राग मला ताजा ठेवायचा होता.

बाराही प्रयोग पूर्ण झाले. औषधाचा रेणू प्रथिनात बसतो, पण एका जागी प्रथिन जरासं बदललं की तो सुटून पाण्यात जातो, हे स्वच्छ दिसलं. डाऊनी औषधाला का दाद देत नाही याचं निदान एक कारण तरी हाती आलं. मुलीने थिसिस लिहिला. तिसऱ्या प्रकरणात साधनांची माहिती द्यावी लागते, तिथे तिने खरं ते लिहिलं: कुठलं कार्ड, कुठला प्रोसेसर, आणि मशीन एका खाजगी गेमिंग केंद्राचं. किमतीचा आमचा तक्ताही जोडला. ते वाचून मला बरं वाटलं. मुदतीला पाच दिवस होते. विद्यापीठाकडे पाठवायच्या पत्रावर प्राचार्यांची सही तेवढी राहिली होती.

प्राचार्यांनी मला बोलावलं. थिसिस त्यांच्यापुढे उघडा होता आणि नेमकं तेच पान.

“मॅडम, जानेवारीत तपासणी समिती येतेय. सर्व्हरच्या वापराची वही कोरी आहे. आणि तुमचा थिसिस सांगतो की काम गेम खेळायच्या दुकानात झालं. हे मी माझ्या सहीने पुढे पाठवू?”

“जे झालं ते लिहिलंय, सर.”

“सर्व्हर आपला आहे. मुलगी आपली आहे. एक वाक्य बदलायचंय.”

मी उठून उभी राहिले. इतक्या मोठ्याने बोलले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. सर्व्हर कसा आला, कार्ड कुणी खोडलं, विद्यापीठाला पत्र लिहीन, पेपरात देईन, सगळं बोलून घेतलं. ते म्हणाले, “लिहा. मग सही तुम्ही विद्यापीठाकडूनच आणा.” मी दार आपटून निघाले आणि खरंच पत्र लिहायला बसले. तीन पानं झाली. खूप दिवसांनी मला हलकं वाटत होतं.

मुलगी संध्याकाळी घरी आली. मी तिला पत्र वाचून दाखवलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. एरवी माझ्याशी शहरातलं बोलणारी पोर त्या दिवशी घरचं बोलली.

“मॅडम, तुमचा राग खरा हाय. पण मुदत माझी संपतीय.”

“अगं, हे खोटं आहे. धडधडीत खोटं.”

“मला कळतंय की. आकडे तर खरे हायेत ना? रेणू सुटतो ते तर खरं हाय ना?” तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. “तुमचं पत्र बरोबर हाय, मॅडम. पण त्यात मी कुठं हाय?”

मला तिचा राग आला, आणि लगेच कळलं की तिचं बरोबर आहे. पत्रात खरंच ती नव्हती. तीन पानांत मी होते, प्राचार्य होते, लाल रेघा होत्या. पत्र मी फाडलं. माझ्याच लॅपटॉपवर तिने ते वाक्य बदललं: सर्व गणना महाविद्यालयाच्या उच्चक्षमता सर्व्हरवर करण्यात आल्या. तक्ता काढून टाकला. मार्गदर्शक म्हणून मी सही केली, दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी केली, आणि थिसिस वेळेत गेला. सुभेदारांचे आभारही आम्हाला मानता आले नाहीत, कारण कशाबद्दल, असा प्रश्न आला असता. त्यांना पेढे नेऊन दिले तेव्हा ते म्हणाले, “आमचं नाव छापलं का पुस्तकात?” मी म्हणाले, राहून गेलं. खोटं बोलायची मला तोवर सवय झाली होती.

जानेवारीत समिती आली. सर्व्हरशेजारी टेबल मांडून त्यावर तो थिसिस ठेवला होता, सोनेरी अक्षरांचा. समितीतल्या एका गृहस्थांनी माझं अभिनंदन केलं, छोट्या शहरात इतकी मोठी गणना, वा. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

मुलीला पदवी मिळाली. तिला तिच्याच भागातल्या एका कॉलेजात नोकरी लागली. वडिलांनी फोन करून सांगितलं की घरात डॉक्टर झाली म्हणून सगळ्या गल्लीला जेवण घातलं. त्या दिवशी मला वाटलं, वाक्य बदललं ते बरं झालं. त्याआधीचे कित्येक महिने आणि त्यानंतरचेही कित्येक महिने मला तसं वाटलं नव्हतं, पण त्या एका दिवशी वाटलं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आवाजावरून कळलं की काहीतरी बिनसलंय.

“मॅडम, आमच्या कॉलेजला अनुदान आलंय. मशीन घ्यायचंय.”

“अगं मग आनंदाची गोष्ट आहे. तुझ्याकडे तक्ता आहेच. कार्डं नवी आली असतील, किमती तेवढ्या बदल. सुभेदारांना विचार, ते—”

“मी सगळं लिहून दिलं, मॅडम. गेमिंगचं मशीन का घ्यायचं, किती पटीने काम होतं, सगळं.”

“मग?”

“आमच्या प्राचार्य सरांनी माझाच थिसिस काढला. तिसरं प्रकरण उघडून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वतः डॉक्टरेट सर्व्हरवर केलीत आणि आम्हाला खेळातलं मशीन घ्यायला सांगता? त्यांनी त्याच कंपनीची दरपत्रकं मागवलीत. तोच सर्व्हर. माझ्यापुढे कागद आहे. गरजेनुसार तपासले म्हणून सही मागतायत.”

मी म्हणाले, “त्यांना खरं सांग.”

“खरं सांगितलं तर थिसिस खोटा ठरतो, मॅडम. डिग्री राहील का माझी?”

वीस वर्षं मी या कॉलेजात प्रत्येकाशी भांडले, आणि आता भांडायला हवं होतं तेव्हा समोर कोणीच नव्हतं. तिकडे तिच्या स्टाफरूममधला पंखा ऐकू येत होता. ती वाट बघत होती, तिला वाटत होतं मॅडम नेहमीसारख्या भडकतील आणि काहीतरी मार्ग काढतील. मी फोन कानाला लावून बसून राहिले.

शेवटी तीच म्हणाली, “असू द्या मॅडम. करते मी सही.”